एका माणसाची पोलिश फौज आणि आमचे ढोल

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये ढोल वाजवणं म्हणजे वाचनालयात बसून शेंगा फोडण्यासारखं आहे. कायद्यात बसतं, पण लोकांच्या डोळ्यांत बसत नाही. आमच्या पथकाचे सगळे ढोल आमच्याच गराजमध्ये असतात, कारण मंडळाच्या एका मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "आमच्याकडे काय, जागाच जागा!" असं निघून गेलं होतं. तेव्हापासून ढोल आत, उबेत. आणि आमच्या दोन्ही गाड्या बाहेर, शिकागोच्या बर्फात. आमचे हे दर जानेवारीत फावड्यानं गाडी उकरून काढतात. दर वेळी आमचीच निघते असंही नाही. एकदा समोरच्यांची निघाली होती.

उन्हाळा लागला की रविवारी दुपारी आमच्या ड्राइव्हवेत प्रॅक्टिस. पहिल्या ठोक्याला खारी झाडं सोडून विस्कॉन्सिनच्या दिशेनं निघतात. दुसऱ्या ठोक्याला समोरच्या घराचा पडदा हलतो. तिसऱ्याला पोलीस. मागे एकदा जो पोलीस आला तो इतका भला, की समज द्यायला म्हणून आला आणि तासभर झांज वाजवून, वर बटाटेवडे खाऊन गेला. समज द्यायची राहूनच गेली.

तर अशाच एका रविवारी उजवीकडच्या घरातले आजोबा काठी टेकत हिरवळीवरून आमच्याकडे येताना दिसले. आजोबा मूळचे पोलंडचे. तोवर आमची ओळख लांबून हात हलवण्यापुरती. वय शंभरीच्या आसपास; नक्की किती ते विचारू नका, कारण फौजेत घुसण्यासाठी त्यांनी कोवळ्या वयात जे वय वाढवून सांगितलं होतं, त्याचा मेळ त्यांच्या स्वतःच्या लेकीलाही अजून लागलेला नाही. मिशा पांढऱ्याशुभ्र, आणि पाठ अशी ताठ, की कण्याला रोज इस्त्री करत असावेत. त्यांना बघून ढोल थांबले. आमचा पथकप्रमुख पुढे झाला. हा पुण्याचा, आयटीतला, वयानं पस्तिशीचा, पण बोलायला लागला की वाटतं पेशव्यांना यानंच चार गोष्टी समजावून सांगितल्या असतील. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली, की सर, आमच्याकडे परवानगी आहे, वेळ दुपारची आहे, आणि आमच्या संस्कृतीमध्ये...

"थांबलात का?" आजोबा म्हणाले. "वाजवा. किती वर्षांनी मला काहीतरी स्वच्छ ऐकू येतंय."

त्यांचे कान युद्धात तोफांनी नेले होते. हिअरिंग एड लावलं तरी समोरासमोर, शांततेत बोललेलं तेवढं कळतं. जरा गलबला असला की त्यांना नुसती तोंडं हलताना दिसतात. पण आमचा ढोल कानावाटे जातच नाही, तो थेट बरगड्यांतून आत जातो. आजोबांनी खुर्ची मागून घेतली, दोन ढोलांच्या बरोबर मधे मांडली आणि प्रॅक्टिस संपेपर्यंत डोळे मिटून बसले. आमच्या पथकाला मिळालेला तो पहिला रसिक. आमच्या नातेवाइकांना धरून.

जाताना त्यांनी वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं. जुन्या पोलिश माणसांची ती रीतच. मी नुकतीच थालीपिठं थापून बाहेर आले होते, त्यामुळे त्यांच्या मिशांना भाजणी लागली. आमचे हे गराजच्या दारातून बघत होते. या गृहस्थांनी माझा हात धरला तो एकदा लग्नात आणि एकदा रक्तदाब मोजताना. त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून भांडी घासली.

मग आजोबा दर रविवारी येऊ लागले. सोबत त्यांची लेक. तीही सत्तरी ओलांडलेली, निवृत्त नर्स, सतत वडिलांच्या मनगटावर बोटं. आजोबांची हकीकत मला हप्त्याहप्त्यानं कळली. मी मूळची इचलकरंजीची. युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वस्ती होती, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हटलं, झालं, सापडलं नातं! आजोबांना कोल्हापूरचे जावई करून टाकायचा माझा बेत होता.

"तुम्ही कोल्हापूरला होतात ना?"

"नाही."

"नसाल, पण तुमच्यातलं कोणीतरी? बहीण? आत्या? मावशी?"

"मावशी सायबेरियात वारली," आजोबा म्हणाले. "थंडीनं. आई त्याच्या आधीच."

मी त्यांच्यापुढे थालीपिठाची ताटली सरकवली. जावई करायचा बेत तिथेच सोडला.

पूर्व पोलंडमधलं त्यांचं खेडं. रशियन सैनिक आले, घरच्या सगळ्यांना मालगाडीत भरून सायबेरियात लाकडं तोडायला नेलं. पुढे जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, वारं फिरलं, पोलिश लोकांची नवी फौज उभी राहते आहे असं कळलं, तेव्हा हे पोरगं उपाशीपोटी निम्मा रशिया तुडवत इराणला पोचलं आणि वय वाढवून सांगून भरती झालं. गणवेश ब्रिटिशांचा, टोपीवरचा गरुड पोलंडचा. वाळवंटातून इटलीत. तिथे एका डोंगराच्या माथ्यावर एक मठ होता आणि त्या डोंगरानं रोमचा रस्ता अडवला होता.

"आमच्या आधी तिथे सगळे धडका देऊन आले होते," आजोबा सांगत. "अमेरिकन, ब्रिटिश, न्यूझीलंडचे, तुमचे भारतीय. मग आम्ही. मी पाठीवर दारूगोळा वाहून वर न्यायचो. खेचरांनी पुढे जायला नकार दिला, की आम्ही जायचो."

डोंगर घेतला. युद्धही जिंकलं. जिंकल्यावर बघतात तर नकाशाच बदललेला, यांचं खेडं सरहद्दीच्या पलीकडे गेलेलं. आणि लंडनमध्ये दोस्त राष्ट्रांचं भलं थोरलं विजयसंचलन निघालं, तेव्हा कुठल्या कुठल्या देशांचे सैनिक त्यात छाती काढून चालले; पण जी पोलिश फौज त्यांच्या बरोबर लढली होती ती त्या रस्त्यावर नव्हती. मॉस्कोची मर्जी सांभाळायची होती.

"मग त्या दिवशी तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"बटाटे सोलले. इंग्लंडमधल्या छावणीत मला मुदपाकखान्याची ड्युटी होती. रेडिओवर एकेक बँड वाजत होता आणि मी सोलत होतो. सार्जंट ओरडला, साल जाड काढतोस."

एवढं सांगून ते हसले. लेक हसली नाही. मीही नाही.

आता आमच्या शेजारच्या छोट्या गावात चार जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, परेड निघते. आमचं पथक तिथे दर वर्षी वाजवतं. पूर्वी आजोबांच्या जुन्या साथीदारांचीही तिथे एक रांग चालायची. ती दर वर्षी आखूड होत गेली आणि आता रांगेत आजोबा एकटेच उरले. कमिटीची माणसं सज्जन. त्यांनी उघडी मोटार देऊ केली, इतर म्हाताऱ्या सैनिकांबरोबर बसा, हात हलवा. आजोबांनी नकार दिला. म्हणाले, डोंगरावर आम्ही मोटारीनं गेलो नव्हतो.

त्यांची लेक एका सकाळी मला हिरवळीवर गाठून म्हणाली, "त्यांना चालायचंय. सगळा रस्ता, स्वतःच्या पायांनी. आणि मान्यवरांच्या स्टँडपाशी माइकवरून त्यांच्या फौजेचं नाव ऐकायचंय. पुढच्या वर्षी त्यांना जमणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले तरी त्यांना थांबावं लागतं. दम खावा लागतो. आणि परेड काही थांबत नाही."

परेड थांबत नाही! मला इतकं हसू आलं की त्या बाईनं माझंही मनगट धरलं.

"अहो ताई," मी म्हटलं, "तुम्ही आमची मिरवणूक बघितलेली नाही."

पुण्यात लक्ष्मी रोडवरून गणपतीची विसर्जन मिरवणूक निघते, तिच्यात पहिल्या चौकात रांगणारं मूल दुसऱ्या चौकात बोलायला लागतं आणि नदीपाशी पोचेपर्यंत त्याच्यासाठी स्थळं यायला लागतात. दर चौकात पथक गोल करून उभं राहतं आणि जागच्या जागी वाजवतं. मागचे ओरडतात, पोलीस शिट्ट्या फुंकतात, पुढारी घड्याळ बघतात. पथक जागचं हलत नाही. याला आम्ही खोळंबा म्हणत नाही, स्थिरवादन म्हणतो. थांबत थांबत चालण्याचं शास्त्र जगात कोणाला येत असेल तर ते आम्हाला. मी तिला तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला: तुमचे वडील आमच्या पथकातून चालतील, आणि दर चौकात त्यांना बसायला खुर्ची मिळेल.

शब्द दिल्यावर मी पथकप्रमुखाकडे परवानगी मागायला गेले. माझी पद्धत नेहमी अशीच.

"काकू, आपली एंट्री 'महाराष्ट्राची लोककला' अशी आहे," तो म्हणाला. "त्यात पोलंड कुठे बसवू?"

"दोस्त राष्ट्रं म्हणून बसव. आपली मराठी पोरंही लढली की इटलीत. डोंगर एक, शत्रू एक. आजोबा सांगतात, आपल्या लोकांनी त्यांना चहा पाजला होता."

"कसा होता?"

"अतिगोड, म्हणाले."

"म्हणजे आपलेच," तो म्हणाला, आणि मला वाटलं जिंकले. पण पुणेकर इतक्यात संपत नसतो. "बरं, गणवेश? पथकात फेटा कम्पल्सरी आहे."

"त्यांची फौजेची टोपी आहे रे."

"फेटा म्हणजे फेटा, काकू. मी सख्ख्या सासऱ्यांना सूट दिलेली नाही. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत."

"त्या दिवशी समोर उभा राहून तूच सांग त्यांना," मी म्हटलं. काही भांडणं पुढे ढकलली की आपोआप पिकतात.

प्रत्येक गटाची माहिती माइकवाल्याला एका कार्डावर द्यायची असते. आमची माहिती मीच लिहिली. माझ्या मजकुरात आजोबांनी डोंगर जवळजवळ एकट्यानं घेतला होता आणि मठातल्या साधूंनी त्यांना खांद्यावर उचललं होतं. लेकीनं ते सगळं शांतपणे खोडलं. उरलं ते एवढंच: "पोलंडची फौज. इटलीत दोस्त राष्ट्रांच्या खांद्याला खांदा लावून लढली. आज तिचा एक सैनिक चालतो आहे." मला ते फारच बोडकं वाटलं. पण ती म्हणाली, त्यांना हेच आवडेल.

चार जुलैला असं ऊन पडलं होतं, की कडेला बसलेल्या लोकांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्यांच्याबरोबरच उठत होत्या. आजोबा आले. निळा कोट, टाय, बूट असे चकाकणारे की त्यात बघून टिकली लावावी. डोक्यावर टोपी, तिच्यावर गरुड, छातीवर पदकं. पथकप्रमुख हातात नवा कोरा फेटा घेऊन त्यांच्यासमोर गेला. पदकांकडे बघितलं. टोपीकडे बघितलं. मग फेटा पिशवीत परत ठेवला आणि स्वतःच्या डोक्यावरचा सरळ केला.

"काय रे?" मी म्हटलं.

"टोपी चालते," तो म्हणाला. "नियमात आहे."

पुढे आमचा भगवा ध्वज. मागे लाल-पांढरा पोलिश झेंडा घेऊन लेक. तिच्यामागे आजोबा. त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर आमचे हे, घडीची खुर्ची काखेत मारून, जणू राजाचे चामरधारी. मग झांजा, ताशे, आणि ढोलांची भिंत. आमच्या मागे अग्निशमन दलाचा लाल बंब, आणि त्याच्या मागे एका दातांच्या डॉक्टरांचा गाडीवर उभा केलेला भला मोठा थर्माकोलचा दात.

पहिला चौक उत्तम गेला. ताशा कडाडला, पथकानं गोल केला, आजोबा गोलाच्या आत खुर्चीवर बसले, दम खाल्ला, उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या चौकातही तेच. तिसऱ्या चौकात गोल्फकार्टमधून एक बाई आल्या. अंगात पिवळं जाकीट, हातात वॉकीटॉकी, चेहरा तीस वर्षं सहावीचा वर्ग सांभाळल्यासारखा.

"मॅम, तुम्ही का थांबलाय?"

"दिशांना वंदन करतोय," मी म्हटलं. "दहा असतात."

त्यांनी हे वॉकीटॉकीत सांगितलं. पलीकडून कोणीतरी "दहा?" असं दोनदा विचारलं.

चौथ्या चौकात त्या पुन्हा आल्या. मी म्हटलं, उन्हानं ढोलांची पानं सैल पडली आहेत, ताणून घेतोय, नाहीतर फुटून माणसं दगावतात. पाचव्या चौकात काय सांगितलं ते मला आता आठवत नाही, पण त्यात चंद्राचा काहीतरी संबंध होता. आमच्या पुढचा शाळेचा बँड तोवर क्षितिजापार गेला होता. मागे बंबाचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता, आणि दाताच्या गाडीवरून पोरांना वाटायची चॉकलेटं वितळून दात एका बाजूनं किडल्यासारखा दिसत होता.

सहाव्या चौकात पिवळं जाकीट गोल्फकार्टमधून खाली उतरलं. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मी घाबरले.

"मॅम, सगळ्या दिशा झाल्या. इथून पुढे तुमचे पाय एकदा जरी थांबले, तर मी तुम्हाला त्या गल्लीतून बाहेर काढीन. स्टँडसमोरून जाता येणार नाही. माझ्या मागे अर्धी परेड उभी आहे, लहान मुलं उन्हात आहेत."

बोलणं खरं होतं. स्टँड समोर दिसत होता, लाल-निळ्या झालरी लावलेला. आजोबांच्या दमाच्या हिशोबानं मात्र तो लंडनइतकाच लांब होता. ते खुर्चीतून उठले, पण चेहरा खडूसारखा. लेकीनं मनगट धरलं आणि पोलिशमध्ये त्यांच्या कानाशी काही म्हणाली. मोटार, एवढा शब्द मला कळला. आजोबांनी मान हलवली. नाही. लेक माझ्याकडे बघायला लागली. शब्द मी दिला होता, आणि माझ्या पोतडीत एक थाप शिल्लक नव्हती.

"काकू," पथकप्रमुख माझ्या कानाशी म्हणाला, "बाई 'थांबू नका' म्हणाल्या ना?"

"हो रे बाबा."

"भरभर चाला असं म्हणाल्या का?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो पथकाकडे वळला, दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "मंडळी! लक्ष्मी रोड!"

पथकातल्या पुणेकरांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. नागपूरकर आणि मुंबईकरांनी त्यांचे पाय बघून घेतले. पाऊल उचलायचं, हवेत धरायचं, विचार करायचा, आणि होतं तिथून बोटभर पुढे ठेवायचं. वरून कंबर, खांदे, मान अशी घुसळायची की बघणाऱ्याला वाटावं हे लोक आत्ता दिल्ली गाठणार. एक गोगलगाय आम्हाला कडेनं ओलांडून गेली, आणि जाताना तिनं वळून बघितलं.

पिवळं जाकीट वाकून आमचे पाय बघू लागलं.

"तुम्ही हलताय का?"

"हलतोय!" आम्ही सगळे.

बाईंनी आपली पाण्याची बाटली ध्वजवाल्याच्या बुटापुढे रस्त्यावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. सगळं पथक त्या बाटलीकडे बघत वाजवत होतं. बऱ्याच वेळानं बाटली ध्वजवाल्याच्या मागे आली. बाईंनी ती उचलली, एक घोट प्यायल्या, आणि आजोबांकडे प्रथमच नीट बघितलं. टोपी. पदकं. काठी.  मग त्या गोल्फकार्ट घेऊन मागे बंबाकडे गेल्या, आणि त्यानंतर आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

बोट बोट करत आजोबा चालले. दर पावलाला दम खायला अवसर होता. आमच्या ह्यांनी एकदा दंड धरायला हात पुढे केला, आजोबांनी काठीनं तो बाजूला सारला. स्टँड आला. वर गवताची हॅट घातलेला माइकवाला. त्यानं कार्ड उचललं, ओठ हलायला लागले.

आणि तेव्हा मला आमची चूक कळली. ढोल पूर्ण भरात होते. स्टँडसमोर पथक जितकं जोरात वाजवेल तितकं त्याचं नाव. त्या क्षणासाठीच तर आम्ही वर्षभर खारी हाकलतो. आजोबांनी हात कानामागे धरला होता. ते माइकवाल्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, आणि त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही. माइकवाल्यानं कार्ड वाचून संपवलं आणि उलटं करून ठेवलं.

पथकप्रमुखानं ते बघितलं. आजोबांचा कानामागचा हात त्यानं बघितला. तालाच्या ऐन मध्यावर, मान्यवरांच्या पुढ्यात, पुण्यात ज्यासाठी पथकातून नाव काढतात ते त्यानं केलं. मुठी मिटून हात खाली घेतले. ढोल बंद.

पाय मात्र चालूच. बोटभर, बोटभर. रस्त्यावर एवढी शांतता झाली की बंबाच्या इंजिनाची घरघर ऐकू यायला लागली. माइकवाला गडबडला. समोर एक गट, अजिबात आवाज न करता, मुंगीच्या पावलानं सरकतोय. मागचा गट येईना. बोलायला तर काहीच नाही, आणि माइक मोकळा ठेवायचा नाही ही त्याची शिस्त. त्यानं कार्ड पुन्हा उचललं.

"पोलंडची फौज," तो म्हणाला.

आजोबांचा हात कानापासून खाली आला.

"इटलीत दोस्त राष्ट्रांच्या खांद्याला खांदा लावून लढली. आज तिचा एक सैनिक चालतो आहे."

आजोबांनी काठी डाव्या हातात घेतली आणि सलाम केला. पोलिश सलाम दोन बोटांचा असतो, टोपीच्या कडेला. कडेच्या खुर्च्यांवरून एक म्हातारं जोडपं उठलं. मग त्यांच्या शेजारचे. आम्ही अजून स्टँडसमोरून पुरते गेलोच नव्हतो, म्हणून माइकवाल्यानं तेच कार्ड पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. मग पुन्हा. कितीदा वाचलं, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. आमचे हे म्हणतात तीनदा. मी अकरावर ठाम आहे. शेवटी त्यानं कार्ड खाली ठेवलं, हॅट काढली आणि नुसतं "थँक यू, सर" म्हणाला.

परेड शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये संपते. तिथे पोचताच पथक विस्कटलं. कोणी पाण्यावर तुटून पडलं, कोणी फोन काढले, कोणी ढोल उतरवून त्यांच्यावरच बसलं. आमच्या ह्यांनी खुर्ची उघडून आजोबांच्या मागे धरली. आजोबा बसेनात. टाचा जुळवून, समोर बघत, उन्हात उभे. 

"बसा ना," मी म्हटलं. "झाली परेड."

"त्यांच्या लेखी नाही झाली," लेक हळूच म्हणाली. "वरिष्ठानं मोकळं केल्याशिवाय संचलन संपत नाही. ते हुकमाची वाट बघतायत."

हुकूम कोण देणार? त्यांचे अधिकारी, सार्जंट, साथीदार, सगळे केव्हाच मातीत गेलेले. मी पथकप्रमुखाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. 

आजोबांनी सावकाश डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. कोणी नाही हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. ते लेकीला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मी शेवटपर्यंत साधा शिपाईच होतो. पण आता सर्वांत वरिष्ठ मीच उरलोय."

आजोबा वळले, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि पोलिशमध्ये एक शब्द ओरडले. तो आवाज त्या शरीरातून आला यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आयुष्यात कोणाचं न ऐकलेला आमचा पथकप्रमुख सगळ्यांत आधी धावला आणि टाचा जुळवून उभा राहिला. मग ताशे, झांजा, ढोल. मी, माझ्या शेजारी आमचे हे. बंबातून उतरलेले दोघं जण. पलीकडच्या टोकाला पिवळं जाकीट. आमच्या पथकाला सरळ रांगेत उभं करणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

आजोबांची नजर रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मग त्यांनी दुसरा हुकूम दिला, पहिल्याहून लांब आणि हळू. त्यातलं एक अक्षर आम्हाला कळलं नाही. कोणी हललं नाही.

लेक पुटपुटली, "सुट्टी झाली म्हणाले."

तरी कोणी हललं नाही.

"जा," आजोबा इंग्रजीत म्हणाले. "संपलं. घरी जा."

तेव्हा रांग मोडली. आजोबा खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लेकीला म्हणाले, बूट काढ.